इरेशचं वजन

इरेशनं बेल्ट काढला, पाकीट काढलं, किल्ल्या काढल्या, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि सगळं परांजपे मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मग त्याचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीकडं, करडगीकडं गेला आणि तिथंच थांबला.

"ते राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "त्यानं काही फरक पडत नाही."

तो काट्यावर चढला. आकडे जरा हलले आणि स्थिर झाले. मॅडमनी ते पाहिले, समोरच्या फाइलमध्ये पाहिलं, आणि म्हणाल्या, "एकदा उतरून परत चढा बरं."

तो उतरला, परत चढला. दीड महिन्यापूर्वी आम्ही पहिल्यांदा या खोलीत आलो होतो तेव्हा जे वजन होतं, तेच होतं. अर्धा किलोसुद्धा घटलेलं नव्हतं.

"काटा बरोबर आहे ना मॅडम?" इरेशनं विचारलं.

"काटा बरोबर आहे."

"मी रोज चालतोय. सकाळ-संध्याकाळ. वहिनींना विचारा पाहिजे तर."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तो चालत होता हे खरंच होतं. पहाटे पंचगंगेच्या पुलापर्यंत जाऊन यायचा आणि संध्याकाळी सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यातून सुटला की पुन्हा तोच रस्ता धरायचा. घामानं निथळत घरी आलेला मी त्याला रोज बघत होते.

"आणि खाणं?"

"तुम्ही सांगितलंय तसंच. ॲप सांगेल तेवढंच. कमी नाही, जास्त नाही."

मॅडम त्याला रागावल्या नाहीत. नुसतं "हं" म्हणाल्या, आणि त्या "हं"मध्ये मला कळलं की त्यांचा त्याच्यावर विश्वास बसलेला नाही. अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली असतील. तोंडानं सगळं पाळणारी.

बाहेर आल्यावर इरेश जिन्याजवळ थांबला. "वहिनी, अण्णाला काय सांगायचं?"

मी जिना उतरायला लागले.

अण्णा म्हणजे माझा नवरा, गुरुनाथ. इरेश त्याचा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. गुरुनाथनं उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता, पण तरुणपणी झालेली कावीळ त्याच्या अंगात दबून राहिली होती आणि आतल्या आत तिनं यकृत सडवत आणलं होतं. आमच्या इचलकरंजीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की यकृत बदलण्याशिवाय मार्ग नाही. मेलेल्या माणसाचं मिळण्यासाठी नाव नोंदवून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. घरातल्या कुणाचा तुकडा मिळाला तर बघा.

माझा रक्तगट जुळला नाही. सासूबाईंची सत्तरी उलटलेली. इरेशचा गट जुळला. डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला होता, "माझं घ्या. कधी झोपायचं तेवढं सांगा."

पण त्याच्या तपासणीत निघालं की त्याच्याच यकृतावर चरबी आहे. तो अंगानं भरलेला होता, खाण्याचा शौकीन होता. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा किलो उतरवा, चरबी कमी झाली की आपण लगेच करू. गुरुनाथकडं तेवढे दिवस आहेत.

हे काम परांजपे मॅडमकडं आलं. त्या हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ. पहिल्या दिवशी त्यांनी इरेशला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, उपास करायचे नाहीत. एकदम उपाशी राहून वजन पाडलं तर यकृत आणखी बिघडतं, आणि अशक्त माणसाला कुणी ऑपरेशनला घेत नाही. दुसरी, सगळं लिहायचं. त्यांनी त्याच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. काय खाल्लं ते त्यात टाकायचं, काय व्यायाम केला तेही टाकायचं, आणि दिवसाचं किती खाणं शिल्लक आहे ते ॲप सांगणार.

"जेवढं सांगेल तेवढं खायचं," त्या म्हणाल्या होत्या. "तुमच्या मनानं काही करायचं नाही."

इरेशनं त्यांच्या सांगण्याबाहेर काही केलं नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा गुरुनाथ पुढच्या खोलीत खाटेवर टेकून बसला होता. डोळे हळदीसारखे, हातापायांच्या काड्या, आणि पोट मात्र पाण्यानं तट्ट फुगलेलं. त्यानं इरेशच्या तोंडाकडं बघितलं.

"किती उतरलं?"

"उतरंल अण्णा," इरेश म्हणाला. "अजून चार आठवडे दिल्यात त्यांनी."

"आजच्याला किती उतरलं?"

इरेश चपला काढायला म्हणून खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"बरं," गुरुनाथ म्हणाला. "जा, हातपाय धू."

दुसऱ्या दिवसापासून इरेश जास्त चालायला लागला. पुलापर्यंत जायचा तो पूल ओलांडून पलीकडं जायला लागला. चालताना मनगटावरच्या घड्याळाकडं बघायचा. ते घड्याळ गुरुनाथनंच त्याला घेऊन दिलं होतं. पहिल्यांदा पुण्याहून आल्यावर, चालायचं ठरलं तेव्हा. पावलं मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं, किती उष्मांक जळले तेही सांगतं, असं कुणाकडून तरी ऐकून त्यानं मला ते मागवायला लावलं. घड्याळ आलं तेव्हा त्यानं आपल्या हातानं इरेशच्या मनगटावर बांधलं. "चालतोयस तर नीट मोजून चाल," म्हणाला. हातांना इतका कंप होता की पट्ट्याची पिन भोकात जाईना. इरेश मनगट पुढं करून उभा होता, आणि आम्ही कुणीच मदत केली नाही.

मोजून चालणं आणि मोजून खाणं, घरात दुसरा विषय नव्हता. सासूबाईंना आम्ही सगळेच अव्वा म्हणायचो. अव्वाला हे मोजणं मुळातच पटत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर इरेशनं एक छोटा वजनकाटा आणून ठेवला होता. तो भाकरी मोजायचा, उसळ मोजायची वाटी आधी मोजायचा, शेंगदाणे मोजायचा. अव्वा बघत राहायची.

पुण्याहून आल्यानंतर आठवडाभरानं असेल. संध्याकाळी इरेश चालून आला. शर्ट पाठीला चिकटलेला. उभ्याउभ्याच त्यानं फोनमध्ये काहीतरी टाकलं, थोडा वेळ वाचलं, आणि गुपचूप ओट्याशी गेला. दोन भाकरी, मटकीची उसळ, दही, वर मूठभर शेंगदाणे. काट्यावर ठेवून एकेक ताटात घेतलं.

अव्वा पाटावर बसून लसूण सोलत होती.

"हे आता कशाचं?" ती म्हणाली. "दुपारी जेवलास की."

"चाललो त्याचं अव्वा."

"म्हणजे?"

"आज जास्त चाललो. चालून जेवढं जळतंय तेवढं खाऊन भरून काढायचं असतंय. न्हाईतर अशक्तपणा येतोय, मॅडमनी सांगितलंय. हे बघ, हितं लिवलंय." त्यानं फोन तिच्यापुढं धरला.

अव्वानं फोनकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुझं तू भरून काढालास," ती म्हणाली. "आणि त्या पुढच्या खोलीत पडलेल्याचं कुणी भरून काढायचं?"

मी पोळपाट धूत होते. मी नळ बंद केला.

"अव्वा, मी सांगितल्यालंच खातोय."

"वजन उतरवायला निघालेला माणूस तिन्हीसांजंला दोन दोन भाकरी खातोय, हे मी ह्या वयात पहिल्यांदा बघालोय. तुझ्या मनात नसंल तर तसं सांग की. सांगलीवाल्यांनी कान फुंकले असतील. पोटावर एवढा काप घेतलेला जावई त्यांना कशाला पाहिजे असंल?"

इरेशचं लग्न सांगलीत ठरलं होतं. गुरुनाथच्या आजारामुळं पुढं ढकललं होतं.

"त्यांनी कायबी म्हटल्यालं न्हाई," इरेश म्हणाला.

"मग तू भितोस."

तो ताट घेऊन खाली बसला. मला वाटलं, आता हा ताट सारून उठून जाईल. तसं झालं नाही. त्यानं पहिला घास मोडला. खाली मान घालून तो जेवत राहिला, आणि जेवता जेवता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते दह्यात पडत होतं. ताटातला एक दाणाही त्यानं ठेवला नाही. कमी खायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं ना.

अव्वा लसूण तसाच टाकून देवघरात गेली.

पुढच्या खोलीत गुरुनाथ जागा होता. आमच्या घराच्या भिंती काही जाड नव्हत्या.

दोन दिवसांनी सकाळी गुरुनाथनं इरेशला खाटेजवळ बोलावलं. मी औषधं काढत होते.

"इरू, आता बस झालं," तो म्हणाला. "नको एवढा चालूस. पाय बघ कसे झालेत."

इरेशच्या टाचांना फोड आले होते. त्यावर त्यानं पट्ट्या चिकटवल्या होत्या.

"काय न्हाई होत अण्णा."

"तुझ्यावर माझा काही राग नाही. एवढं लक्षात ठेव."

"राग कशाला असंल?" इरेश हसला. "उतरंल अण्णा. ह्या बारीला उतरंल बघ."

गुरुनाथ त्याच्याकडं बघत राहिला. त्यानं त्याचा हात हातात घेतला आणि थोपटला. दोघांनाही एकमेकांना काहीतरी विचारायचं होतं असं मला वाटलं. पण इरेश उठला आणि बुटांच्या लेस बांधायला लागला.

पुढचे दोनेक आठवडे तो वेड लागल्यासारखा चालला. अव्वा त्याच्याशी बोलायची बंद झाली होती. वाढायची, पण ताट ठेवून निघून जायची. मी तरी त्याला काय म्हणणार? कधी वाटायचं, हा खरं बोलतोय. कधी वाटायचं, एवढं चालून माणूस बारीक होत नाही म्हणजे बाहेर कुठंतरी खात असणार. नवरा डोळ्यांसमोर विझत चाललेला असला की दुसऱ्याच्या ताटाकडं नजर जातेच. सायझिंगच्या दारात वडापावची गाडी होती. एकदा शाळेत शिकवून घरी येताना मी मुद्दाम त्या रस्त्यानं आले. इरेश तिथं नव्हता. आत खळीच्या हौदाजवळ उभा राहून डब्यातली मोड आलेली मटकी चमच्यानं खात होता.

आणि मग एका सकाळी गुरुनाथनं मला ओळखलं नाही.

मी चहा घेऊन गेले तर तो म्हणाला, "बाई, आमच्या घरी कळवा, मी इथं आहे म्हणून." हात हवेत कसला तरी दोरा धरल्यासारखे हलत होते. यकृत काम करेनासं झालं की विष डोक्यात चढतं, असं डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. आम्ही गाडी केली आणि पुणं गाठलं. इरेश वाटभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

गुरुनाथला अतिदक्षता विभागात घेतलं. दुपारी मोठे डॉक्टर बाहेर आले. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालाय, मूत्रपिंडांवरही आलंय, आम्ही प्रयत्न करतोय, म्हणाले.

"माझं आताच घ्या," इरेश म्हणाला. "जशी असंल तशी चरबी असू दे. मी सही करून देतो, मला काही झालं तरी चालंल."

डॉक्टरांनी त्याच्याकडं जरा नवलानं पाहिलं आणि प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या एका बाईंना बोलावून घेतलं. त्या बाई आम्हा दोघांना कोपऱ्यातल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं.

"हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, पण आता सांगावं लागतंय." त्या इरेशला म्हणाल्या. "दाता म्हणून तुमचं नाव आता नाहीये."

"नाही म्हणजे?"

"तुमच्या भावांनी स्वतः फोन करून काढायला सांगितलं. दोनेक आठवडे झाले. भावाचं यकृत मला घ्यायचं नाही, म्हणाले. घेणाऱ्यानंच नाही म्हटलं की आम्हाला पुढं जाता येत नाही. मी त्यांना कारण विचारलं."

"काय म्हणाले?" हे मी विचारलं.

बाईंनी समोरची फाइल मिटली. "म्हणाले, माझा भाऊ घाबरलाय. पण त्याला मला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून आलेलं नाही. म्हणून त्याच्या वतीनं मीच नाही म्हणतो. आणि त्याला हे कळू देऊ नका, त्याला लाज वाटेल."

इरेश उभाच होता. तो हळूच म्हणाला, "मी घाबरलो न्हवतो."

आम्हा दोघींपैकी कुणाला सांगत होता कोण जाणे. परत म्हणाला, "वहिनी, मी घाबरलो न्हवतो."

तेवढ्यात परांजपे मॅडम आल्या. त्यांना कुणीतरी बोलावलं असावं. त्यांनी त्याला शेजारच्या खोलीत काट्यावर उभं केलं. या वेळी त्यानं बेल्ट काढला नाही, काही काढलं नाही. वजन होतं तिथंच होतं.

मॅडम खुर्चीत बसल्या. "आता काही लपवून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "मला खरं सांगा. काय खात होता?"

इरेशनं खिशातून फोन काढला, कुलूप उघडलं आणि त्यांच्यापुढं ठेवला. "सगळं ह्यात हाय. बघा."

त्यांनी बघायला सुरुवात केली. आधी घाईघाईनं, मग सावकाश. एका जागी त्यांचं बोट थांबलं. त्या मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या.

"तुम्ही संध्याकाळी दोनदा चालता?"

"एकदाच. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा."

"मग संध्याकाळची चाल इथं दोनदा कशी आहे? ही एक, आणि तिच्याखाली ही एक."

इरेश वाकला. "ही खालची मी लिवतो. चालून आलो की लगेच टाकतो. तुम्ही सांगितलं होतं, व्यायाम केला की लिहायचाच."

"आणि ही वरची?"

"ती मला म्हाईत न्हाई. ती आपोआप येते."

मॅडमनी त्याच्या मनगटाकडं पाहिलं. पहिल्या दिवशी ते घड्याळ त्याच्या हातात नव्हतं. "हे कधी घेतलंत?"

"अण्णानं दिलं. पहिल्यांदा तुमच्याकडनं गेलो त्याच आठवड्यात."

"याला फोन जोडलाय?"

"दुकानातल्या पोरानं जोडून दिला."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

"काय झालं मॅडम?" मी विचारलं.

"घड्याळ यांची चाल मोजत होतं आणि आपणहून ॲपला कळवत होतं," त्या म्हणाल्या. "आणि तीच चाल हे पुन्हा हातानं लिहीत होते. चालले एकदा, धरलं गेलं दोनदा. सकाळचंही तसंच. ॲपला वाटलं, हा माणूस दुप्पट मेहनत करतोय. मग ते तेवढं जास्त खायला सांगत गेलं. तसंही घड्याळं जळलेलं जरा सढळच दाखवतात."

"आणि मी खाल्लं," इरेश म्हणाला.

"आणि तुम्ही खाल्लंत."

"मी मागनं जास्त चाललो मॅडम. पूल ओलांडून जात होतो."

मॅडमनी टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला. पण तो त्यांच्याकडं बघतच राहिला तेव्हा म्हणाल्या, "जास्त चाललात तसं ॲपनं जास्त खायला सांगितलं."

"भूक नसली तरी खाल्लं मी. रात्रीचं शिल्लक राहिलं तर उठून खाल्लं. कमी खायचं न्हाई म्हणून."

"माझ्याकडं रोज फक्त खाणं किती शिल्लक राहिलं तेवढंच दिसत होतं. तुम्ही कधी मर्यादा ओलांडली नव्हती. म्हणून मला वाटलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी एकदा फोन हातात घेऊन बघायला हवा होता."

"आता बरोबर केलं तर?" इरेश टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. "आतापासनं एकदाच धरलं, तर किती दिवस लागतील?"

"तीन-चार आठवडे," त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर काचेपलीकडच्या अतिदक्षता विभागाच्या दाराकडं गेली.

तीन-चार आठवडे ऐकून इरेशच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला होता. त्यांच्या नजरेमागून त्यानंही तिकडं पाहिलं.

भेटायला एकालाच सोडत होते. इरेश म्हणाला, "वहिनी, तुम्ही जा. त्याला सांगा. फक्त एवढं सांगा की मी खरंच करत होतो."

मी आत गेले. गुरुनाथचे डोळे अर्धवट उघडे होते. नाकात नळी, हात पलंगाला पट्टीनं बांधलेले, कारण तो नळ्या ओढायचा. मी त्याच्या कानाशी वाकले. दोनदा हाक मारल्यावर त्यानं डोळे माझ्याकडं वळवले.

"अहो, इरेश भाऊजी भ्यायले नव्हते," मी म्हणाले. "मोजण्यात चूक होत होती. घड्या... फोनमध्ये चूक होती. ते सगळं पाळत होते. ऐकताय का? ते अजूनही द्यायला तयार आहेत."

तो माझ्याकडं बघत होता. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"इरू जेवला काय?"

"अहो, मी काय सांगतेय..."

"शाळेतनं आला असंल. त्याला आधी वाढ. भुकेजलेला असतोय तो."

मग त्यानं डोळे मिटले.

मी बाहेर आले. इरेश दाराला टेकून उभा होता. "सांगितलंत? कळलं त्याला?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं, पण त्याच्या तोंडाकडं बघून ते जमलं नाही. गुरुनाथ जे बोलला तेच मी जसंच्या तसं सांगितलं. इरेश भिंतीला घासत खाली बसला आणि त्यानं गुडघ्यांत तोंड घातलं. येणारे-जाणारे लोक त्याला वळसा घालून जात होते.

गुरुनाथ दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. आम्ही त्याला इचलकरंजीला आणलं आणि आमच्या लिंगायत रिवाजानं रुद्रभूमीतल्या खड्ड्यात बसवलं. माती लोटायची वेळ आली तेव्हा अव्वा कुणाला तरी म्हणाली, "धाकट्याला पोट आवरलं असतं तर थोरला राहिला असता." इरेश दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्या ओंजळीत माती होती. त्यानं ऐकलं आणि माती टाकली.

मी त्याच दिवशी अव्वाला सगळं सांगणार होते. इरेशनं मला मागच्या दारी गाठलं.

"नको वहिनी."

"का नको? तुमची काय चूक?"

"घड्याळ कुणी दिलं, हे तिला ठावं हाय. उद्या ती त्याच्या नावानं डोकं आपटून घेईल. त्यानं भावासाठी जीव टाकून घेतलेली वस्तू. राहू दे. तिला रागवायला कुणीतरी पाहिजे. मी हाय की."

मी अव्वाला सांगितलं नाही. तेव्हा ते मला त्याचं मोठेपण वाटलं. आता वाटतं, ती शिक्षा त्याला हवीच होती.

सांगलीचं लग्न मोडलं. त्यानंच मोडलं. वर्षाच्या आत तो जयसिंगपूरला नोकरी बघून निघून गेला. जाताना मी त्याला बघितलं तर शर्ट खांद्यावरून उतरत होता. गालांची हाडं वर आली होती. डॉक्टरांनी जेवढं उतरवायला सांगितलं होतं त्याच्या दुप्पट उतरलं होतं, आणि त्यासाठी त्याला काही मोजावं लागलं नव्हतं.

अव्वा दोन वर्षं तेच बोलत राहिली. शेजारणी आल्या की बोलायची, पूजेला जंगम आले की बोलायची. एका रविवारी दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. ती तांदूळ निवडत होती आणि पुन्हा म्हणाली, "पोट आवरलं असतं..."

माझ्यानं राहवलं नाही. तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. चाल दोनदा कशी धरली गेली, जास्त चालल्यावर जास्त खायला कसं सांगितलं गेलं, ती ओरडली त्या संध्याकाळी तो का जेवत राहिला. सोपं करून सांगितलं. फक्त घड्याळाचं नाव घेतलं नाही. फोन, फोन म्हणत राहिले.

अव्वाचे हात सुपात थांबले होते.

"म्हणजे त्यानं चोरून खाल्लं न्हाई."

"नाही."

"भ्याला न्हवता."

"नाही अव्वा."

तिनं सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "फोन तर आधीपासनं हुता. मोजालतं ते घड्याळ. गुरूनं बांधलं हुतं."

मी मान हलवली.

"मग आता मी कुणावर रागवू?" अव्वानं विचारलं. खरंच विचारलं, मला ठाऊक असल्यासारखं. मग सूप बाजूला ठेवून पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "चल. जयसिंगपूरची गाडी किती वाजता हाय?"

इरेशची खोली स्टेशनमागं होती. दार उघडून त्यानं आम्हाला पाहिलं आणि आधी अव्वाकडं, मग माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. तो दारातून बाजूला झाला.

अव्वा उंबऱ्यात उभी राहून त्याला खालीवर बघत होती. दोन वर्षांत तिनं त्याला असं समोर बघितलं नव्हतं. मग ती आत गेली, डबे उघडून बघितले. एकात रवा होता. तिनं स्टोव्ह पेटवला आणि उप्पीट केलं, कांदा चिरून, वरून लिंबू पिळून, त्याला लहानपणी आवडायचं तसं. ताटली त्याच्यापुढं ठेवली आणि समोर बसली.

तो चार घास जेवला. मग बोटं थांबली.

"बस अव्वा," तो म्हणाला.

कुठलीही आई अशा वेळी काय म्हणते ते तिच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. तोंड उघडलं, पातेल्यातला चमचा उचलून धरलेला होता. पण तिला ते म्हणता आलं नाही. चमचा तिनं परत पातेल्यात ठेवला, झाकण घातलं, आणि त्याच्या हातावर पाणी ओतायला तांब्या घेऊन उठली.

संध्याकाळच्या गाडीनं मी एकटीच परत आले. अव्वा त्याच्याकडं राहिली. पाच वर्षांनी ती तिथंच वारली. त्या पाच वर्षांत तिनं दोन्ही वेळा त्याच्यासाठी रांधलं आणि तो जेवढं जेवला तेवढं बघत बसली. घे म्हणून आग्रह तिनं त्याला कधी केला नाही.